कार्यक्रम निर्माता (आकाशवाणी, मुंबई)

सार्वजनिक नभोवाणीवरील कार्यक्रम सुचण्यापासून तो प्रसारित होईपर्यंत ज्याच्या हातून जातो, तो कार्यक्रम निर्माता. विषय ठरवणे, लेखक-कलाकार गाठणे, संहिता वाचण्याजोगी नव्हे तर बोलण्याजोगी करून घेणे, ध्वनिमुद्रण, संकलन आणि अखेर सारे ठरल्या वेळेत बसवणे ही त्याची कामे. निवेदकाचा आवाज घरोघरी ओळखीचा होतो. निर्मात्याचे नाव मात्र कार्यक्रमाच्या शेवटी एकदाच उच्चारले जाते.

मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ही खासगी कंपनी तीन वर्षांतच बुडाली. १९३० मध्ये सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आले. सकाळची सभा सुरू होताना वाजणारी आकाशवाणीची परिचयधून मुंबई केंद्रावर संगीत विभाग सांभाळणाऱ्या वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. १९९७ पासून आकाशवाणी प्रसार भारती या स्वायत्त प्रसारण महामंडळाच्या अखत्यारीत आहे. मुंबईचे केंद्र चर्चगेटजवळ, बॅकबे रेक्लमेशनवर आहे.

बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना, पन्नासच्या दशकात, लेखक आणि संगीतकारांना निर्माता म्हणून नेमण्याची पद्धत सुरू झाली. मराठीला तिचा मोठा लाभ झाला. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत होते, मंगेश पाडगावकर मुंबई केंद्रावर होते आणि संगीतकार यशवंत देवांनी ‘भावसरगम’ या कार्यक्रमातून भावगीताला हक्काची जागा दिली. ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक नभोमालिकेने तर मध्यमवर्गीय घर उभे केले ते निव्वळ संवादांवर. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी यांचे चेहरे कोणी पाहिले नव्हते, तरी ती माणसे शेजारची वाटत. गिरणगावासाठी ‘कामगार सभा’, घरातल्या बायकांसाठी ‘वनिता मंडळ’ असे श्रोत्यांचे गट ठरलेले असत. आपण नेमके कोणाशी बोलतो आहोत हे माहीत असणे, ही या व्यवसायातली पहिली शिकवण होती आणि आजही आहे.

निर्मात्याचा कस लागतो तो श्रुतिकेत, म्हणजे केवळ ऐकण्यासाठीच्या नाटकात, आणि रूपकात, म्हणजे प्रत्यक्ष आवाज आणि निवेदनातून एखादा विषय उलगडणाऱ्या कार्यक्रमात. श्रुतिकेच्या मुद्रणावेळी संहितेची पाने टाचलेली नसतात, कारण पान उलटल्याची सळसळही माईक टिपतो. वाचून झालेले पान अलगद बाजूला सरकवायचे. पात्र खोलीतून निघून जाते तेव्हा नट माईकपासून तोंड वळवत मागे जातो. पावसाचा नुसता आवाज वाजवला तर तो तळणासारखा ऐकू येतो. पागोळीचा ठिबका किंवा पत्र्यावरचा तडतडाट जोडला की मग श्रोत्याला पाऊस दिसतो. चुंबकीय फितीच्या काळात संकलन ब्लेडने होई. फीत सेकंदाला साडेसात इंच धावे, हाताने रीळ मागेपुढे फिरवून शब्दाची सुरुवात शोधायची, तिरका छेद द्यायचा आणि चिकटपट्टीने जोडायचे. बोलणाऱ्याचा श्वास कापला तर वाक्य कृत्रिम वाटते, म्हणून चांगला निर्माता ‘अं’ काढतो आणि श्वास ठेवतो. आता हे सारे संगणकावर होते, पण कुठे कापायचे याचा निर्णय कानाचाच आहे.

रूपकासाठी मात्र स्टुडिओ सोडावा लागतो. खांद्यावर ‘उहेर’ मुद्रणयंत्र घेऊन निर्माते कोळीवाड्यांत, चाळींत आणि गिरण्यांच्या फाटकांवर गेले. त्यांनी आणलेल्या आवाजांचे मोल आज अधिक जाणवते. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. डीसी विजेवर धावणाऱ्या लोकल २०१६ मध्ये बंद झाल्या आणि त्यांच्या मोटारींचा घरघराट शहरातून गेला. असा आवाज मुद्रित झाला नसेल तर तो पुन्हा मिळवता येत नाही. फिती महाग असल्याने जुने कार्यक्रम पुसून त्यांवर नवे मुद्रित केले जात. या काटकसरीत मराठी नभोनाट्याचा मोठा ठेवा गेला, आणि ही मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासातली गंभीर हानी आहे.

या क्षेत्रात शिरण्याची वाट बहुधा आवाज चाचणीतून जाते. नैमित्तिक निवेदक किंवा नाट्यकलाकार म्हणून सुरुवात होते. कार्यक्रम अधिकारी हे नियमित शासकीय पद आहे. नियमित भरती रोडावल्यापासून बराच भार नैमित्तिक आणि कंत्राटी माणसांवर पडतो, आणि एका मालिकेवर महिनोन्‌महिने खपायला लागणारी निश्चिंती त्यांना मिळत नाही. खासगी एफएम वाहिन्या मुख्यतः चित्रपटसंगीतावर चालतात आणि त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, त्यामुळे रूपकाला तिथे फारसा वाव नाही. आकाशवाणीत घडलेले आणि त्या वळणाने काम करणारे अनेकजण हल्ली पॉडकास्ट आणि श्राव्यपुस्तकांकडे वळले आहेत. तिथे घड्याळाचे बंधन सैल आहे, पण संहिता, तालीम आणि संकलनाची रीत बरीचशी तीच आहे.