लिस्ट आणि इनहेरिटन्सचा सराव

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये एका क्लासचे (ऑब्जेक्ट घडवण्याच्या साच्याचे) गुणधर्म आणि मेथड (त्याची कामे करणारी फंक्शने) दुसऱ्या क्लासला मिळणे म्हणजे इनहेरिटन्स अथवा वारसा, आणि अनेक ऑब्जेक्ट (क्लासच्या साच्यातून घडलेल्या वस्तू) क्रमाने सांभाळणारी रचना म्हणजे लिस्ट. या दोन गोष्टी बहुधा एकत्रच गिरवल्या जातात, कारण वारशाचा उपयोग एकट्यादुकट्या ऑब्जेक्टवर फारसा कळत नाही. निरनिराळ्या प्रकारचे ऑब्जेक्ट एकाच लिस्टमध्ये येऊन बसले, की तो कळतो.

हे नाते जुने आहे. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी ओस्लो येथे घडवलेल्या सिम्युला ६७ या भाषेत लिस्टची सोयच वारशावर उभी होती : ज्या ऑब्जेक्टला लिस्टमध्ये जायचे, त्याच्या क्लासने 'लिंक' या क्लासचा वारसा घ्यायचा.

सरावाचे नेहमीचे उदाहरण आकृत्यांचे असते. 'आकृती' हा मूळ क्लास. 'वर्तुळ' आणि 'आयत' हे त्याचे उपक्लास, म्हणजे त्याचा वारसा घेणारे क्लास, आणि क्षेत्रफळ काढण्याची मेथड प्रत्येकाची स्वतःची. लिस्टमध्ये ७ त्रिज्येचे वर्तुळ आणि ४ बाय ५ चा आयत ठेवून लूपने (एकेक घटक घेऊन तेच काम पुन्हा करणाऱ्या रचनेने) क्षेत्रफळांची बेरीज केली, तर उत्तर सुमारे १७३.९४ येते. पुढे 'त्रिकोण' जोडला, तरी लूपची एकही ओळ बदलावी लागू नये. लूपच्या आत 'हे वर्तुळ असेल तर' अशा अटी लिहिणाऱ्याने वारशाची वाक्यरचना तेवढी उचललेली असते.

चुका मात्र भाषेगणिक वेगळ्या. पायथॉनमध्ये रिकामी लिस्ट थेट क्लासच्या अंगात लिहिली, तर ती सर्व ऑब्जेक्टांची, इतकेच नव्हे तर उपक्लासांचीही, सामायिक होते. एकात भरलेला घटक दुसऱ्यात दिसतो आणि नवशिक्या चक्रावतो. ती ऑब्जेक्ट घडताना चालणाऱ्या इनिट मेथडमध्ये सेल्फवर, म्हणजे त्या ऑब्जेक्टवर, बांधावी लागते, आणि उपक्लासने स्वतःची इनिट लिहून सुपरद्वारे मूळ क्लासची इनिट बोलावली नाही, तर ती लिस्ट तयारच होत नाही. सी प्लस प्लसमध्ये मूळ क्लासच्या व्हेक्टरमध्ये (तिथल्या लिस्टसारख्या रचनेत) उपक्लासचा ऑब्जेक्ट पॉइंटरऐवजी (त्याच्या मेमरीतल्या पत्त्याऐवजी) थेट ठेवला, तर त्याचा वाढीव भाग कापला जातो.

लिस्टचाच वारसा घेणे हा आणखी नाजूक प्रकार आहे. जावाच्या १९९६ मधील पहिल्या आवृत्तीपासून 'स्टॅक' हा 'व्हेक्टर' या लिस्टच्या क्लासचा उपक्लास आहे. त्यामुळे फक्त वरच्या टोकाशी देवघेव अपेक्षित असलेल्या रचनेतही मधल्या जागी घटक घुसवता येतो. जावाच्याच अधिकृत दस्तऐवजात आता त्याऐवजी 'डेक' (दोन्ही टोकांशी देवघेव करणारी रचना) वापरण्याची शिफारस आहे.