फौजेचा लंगर (खानावळ) सुटल्यावर: माजी सैनिक, नोकरी आणि बिघडलेलं जेवण

निवृत्त जवान पाच मिनिटांत ताट संपवतो, तेव्हा घरचे 'फौजेची सवय' म्हणून सोडून देतात. पण रात्री तडस लागेपर्यंत खाणं, मग दोन दिवस उपाशी राहणं ही सवय नव्हे, तो खाण्याचा विकार असू शकतो.

उपासमार माणसाला काय करते हे अमेरिकेतल्या मिनेसोटात १९४४-४५ साली एका प्रयोगात दिसलं. युद्धात लढायला नकार दिलेल्या ३६ तरुणांना २४ आठवडे दिवसाला सुमारे १५७० कॅलरी दिल्या. वजन चतुर्थांशाने घटलं. पोटभर अन्न मिळू लागल्यावरही काहींची खा-खा थांबेना. म्हणजे हा प्रश्न मनाच्या कमकुवतपणाचा नाहीच. मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानसूचीत १९८० साली आघातोत्तर ताण (युद्धासारख्या धक्क्यानंतर मागे राहणारा आजार) आणि बुलिमिया (अनावर खाऊन मग उलट्या किंवा उपास करणं) एकाच आवृत्तीत आले. तरी पाळी चुकणं हा अ‍ॅनोरेक्सियाचा (स्वतःला उपाशी ठेवण्याच्या विकाराचा) निकष २०१३ साली निघेपर्यंत डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर तरुण मुलगीच उभी राहायची. मिशीवाला हवालदार कुणाच्या मनातही येत नसे. अनावर खाण्याला स्वतंत्र निदानही २०१३ सालीच मिळालं: आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने, आणि खाताना हात आवरत नाही.

फौजेच्या नोकरीत जेवणाची वेळ ठरलेली आणि दरवर्षी वजन व्हायचं. वजन जास्त भरलं तर मेडिकल कॅटेगरी (तब्येतीची श्रेणी) खाली. म्हणून तपासणीआधी उपास, जुलाबाच्या गोळ्या. मग ऐन चाळिशीच्या आसपास पेन्शन, आणि गोव्यात वेर्णा-वास्कोत किंवा किनाऱ्यावरच्या हॉटेलच्या गेटवर बारा तासांची रात्रपाळी. आठला डबा उघडायचा, पुढे पहाटेपर्यंत नुसता चहा. सकाळी घरी येऊन झोप, आणि संध्याकाळी उठल्यावर दिवसभराचं एकदम.

जागेपणी साधारण चार तासांहून जास्त खंड पडू द्यायचा नाही, हा उपचाराचा पाया. सातला जेवून निघावं, अकराला डबा, तीनला उकडलेलं अंडं किंवा केळं, घरी आल्यावर पेज आणि मगच झोप. अकराच्या डब्यासाठी सुपरवायझरने वीस मिनिटं बदली माणूस द्यायलाच हवा. गेटवर उभ्याने गिळलेलं जेवण पोटाला कळत नाही.

उलट्या काढणाऱ्याचं पोटॅशियम उतरतं, हृदयाचे ठोके बिघडतात, रक्त तपासावं. उलटीनंतर लगेच ब्रश करू नये, दातांची झीज वाढते. साध्या पाण्याने चूळ भरावी. बराच काळ उपाशी राहिलेल्याला घरी एकदम भरवू नये: रक्तातलं फॉस्फरस कोसळून जिवावर बेततं.

ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ पासून आहे, बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ वर मिळते. पण दवाखान्यात माजी सैनिक 'अ‍ॅसिडिटी' सांगून परततो. आठवड्यातून किती वेळा, किती खाल्लं, नंतर काय केलं, हे तिन्ही कागदावर लिहून न्यावं.