पेशीपटल

पेशीपटल : प्रत्येक सजीव पेशीभोवती असलेले, मेद व प्रथिने यांचे सुमारे ७ ते ८ नॅनोमीटर जाडीचे आवरण. यालाच प्रद्रव्यपटल असेही म्हणतात. शाळेच्या आकृतीत ते एका काळ्या रेघेवर उरकले जाते आणि विद्यार्थ्याची सारी शक्ती केंद्रक, तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया), गॉल्जी पिंड यांना नावे देण्यात खर्ची पडते. वास्तविक पेशीत काय यायचे, काय बाहेर जायचे आणि बाहेरून आलेल्या निरोपाचे काय करायचे, हे बहुतांशी या रेघेवरच ठरते.

पटलाचा मुख्य घटक म्हणजे फॉस्फोलिपिडाचे रेणू. या रेणूचे डोके पाण्यात रमते, दोन्ही शेपट्या पाणी टाळतात. त्यामुळे पाण्यात हे रेणू शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशा दुहेरी थरात आपोआप लागतात. गोर्टर व ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशींतील मेद पाण्यावर एकेरी थरात पसरले आणि ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरते असे दाखवले. गंमत अशी, की त्यांच्या हातून मेद पुरते निघाले नव्हते आणि पृष्ठभागही कमी मोजला गेला होता. दोन चुकांनी एकमेकींना खाल्ले आणि उत्तर बरोबर आले. हा थर घट्ट नसून प्रवाही आहे व त्यात प्रथिने तरंगत असतात, हे आज मान्य असलेले चित्र सिंगर व निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडले.

पेशीच्या आतली बहुतेक अंगकेही अशाच पटलांची बनलेली असतात. प्रथिने बनवणारा रायबोसोम हा ठळक अपवाद. तंतुकणिकेला दोन पटले असतात आणि आतल्या पटलाच्या घड्यांवर एटीपी हे पेशीला ऊर्जा पुरवणारे संयुग तयार होते. म्हणून ज्या पेशीला सतत राबायचे असते तिच्यात तंतुकणिका अधिक. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक जे. सी. जॉर्ज आणि त्यांचे सहकारी यांनी १९५०च्या दशकात कबुतराच्या उड्डाणस्नायूवर केलेले काम याच संदर्भात वाचण्यासारखे आहे. या स्नायूत दोन प्रकारचे तंतू आढळतात : बारीक तांबडे तंतू मेदाने व तंतुकणिकांनी भरलेले, तर जाड पांढरे तंतू ग्लायकोजेनने. लांबचे उड्डाण तांबड्यांच्या जिवावर चालते.

ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड असे लहान, विद्युतभार नसलेले रेणू मेदाच्या थरातून विसरणाने, म्हणजे जास्तीकडून कमीकडे आपोआप पसरत, सरळ पार होतात. सोडियम, पोटॅशियम यांचे आयन किंवा ग्लुकोज यांना मात्र प्रथिनांच्या वाटेने जावे लागते. पाणी थोडेफार थेट झिरपते, पण घाईचा मार्ग म्हणजे ॲक्वापोरिन ही प्रथिने. त्यांच्या शोधाबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

परासरण, म्हणजे पटलातून पाण्याचे पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाणे, डोळ्यांनी पाहायचे तर ऱ्हिओ या शोभेच्या झाडाचे पान घ्यावे. बडोद्यात सोसायट्यांच्या कुंड्यांतून ते सहज मिळते. पानाच्या जांभळ्या पाठीची पातळ साल सोलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की षट्‌कोनी घरे जांभळ्या रसाने काठोकाठ भरलेली दिसतात. कडेने मिठाच्या किंवा साखरेच्या दाट द्रावणाचे दोन थेंब सोडावेत. काही मिनिटांत जांभळा भाग आक्रसून घराच्या मधोमध गोळा होतो. पेशीभित्तिका जागच्या जागी राहते, पटल मात्र तिला सोडून आत सरकते. तीच साल आधी पाण्यात उकळून घेतली तर असे काहीच घडत नाही. मेलेल्या पटलाला निवड करता येत नाही. या धड्यात छुंद्याच्या किसाला सुटणाऱ्या पाण्याचा दाखला नेहमी दिला जातो, पण तो तितकासा निर्मळ नाही : किसणीवर बऱ्याच पेशी आधीच फाटलेल्या असतात. लोणच्याच्या फोडी त्या मानाने बऱ्या.

उताराच्या उलट, म्हणजे कमीकडून जास्तीकडे, वहन करायचे तर ऊर्जा मोजावी लागते. येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये वर्णन केलेला सोडियम-पोटॅशियम पंप एका एटीपीच्या मोबदल्यात ३ सोडियम आयन बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आयन आत घेतो. त्यामुळे पेशीबाहेर सोडियम साचून राहते, आणि आत येण्याची त्याची ओढ इतर वाहक प्रथिने कामाला लावतात.

पेशींना येणारे बहुतेक निरोप पटलापाशीच थांबतात. संप्रेरकाचा रेणू ग्राही प्रथिनाला बाहेरून चिकटतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि आत नवी साखळी सुरू होते. स्टेरॉइड संप्रेरके मेदात विरघळत असल्याने थेट आत शिरतात. इन्सुलिन स्वतः पेशीत ग्लुकोज नेत नाही. त्याचा निरोप पोहोचल्यावर स्नायूपेशीतली ग्लूट-४ ही वाहक प्रथिने पटलावर येतात आणि ग्लुकोज आत घेतात. स्नायू आकुंचन पावत असताना ती इन्सुलिनवाचूनही वर येतात, म्हणजे नवरात्रात गरबा खेळणाऱ्यांच्या पायांत साखर या दुसऱ्या वाटेनेही शिरत असते.

रचना, वहन आणि संदेशन या तिन्हींचा संबंध कॉलऱ्याइतका लख्ख दुसरीकडे क्वचितच दिसतो. या रोगाचे विष कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. ते आतड्याच्या पेशीतील जी-प्रथिन, म्हणजे ग्राहीकडून आलेला निरोप आत पोहोचवणारे प्रथिन, चालू स्थितीतच अडकवून ठेवते. मग चक्रीय एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढत जातो, क्लोराइडचे मार्ग उघडे राहतात आणि क्लोराइडमागोमाग सोडियम व पाणी आतड्यात वाहू लागते. या रोगाला आळा घालणारे शुद्ध पाणी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या काळी, १८९२ मध्ये, आजव्याच्या सरोवरातून आले. विषाचे हे रसायन तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

विष एक वाट मात्र बंद करू शकत नाही. आतड्यात सोडियम व ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारे वाहक प्रथिन असते. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. ती आत गेली की पाणीही मागोमाग जाते. जलसंजीवनीचा आधार हाच. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या रुग्णांना डॉ. दिलीप महालनोबिस यांनी सलाइन संपत आल्यावर मीठ-साखरेचे पाणी पाजले आणि मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज व २.६ ग्रॅम मीठ असते, शिवाय पोटॅशियम व सायट्रेट. आधीच्या सूत्रापेक्षा ते मुद्दाम पातळ केले आहे, कारण द्रावण दाट झाले तर ऱ्हिओच्या पेशीप्रमाणे आतड्याची भिंतही पाणी गमावते. घरी करायचे तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. डाळीतही गूळ घालणाऱ्या बडोद्यात सातवा चमचा सहज पडतो, आणि तो जुलाब वाढवू शकतो.