शाळकरी मुलांमधील दादागिरी

अंगाने, वयाने, संख्येने किंवा वर्गातल्या वजनाने वरचढ असलेल्या मुलाने अथवा टोळक्याने एखाद्याला जाणूनबुजून, पुन्हापुन्हा त्रास देणे म्हणजे शालेय दादागिरी. बरोबरीच्या दोघांची मधल्या सुट्टीतली मारामारी तीत मोडत नाही. डबा पळवणे, दप्तर लपवणे, धक्काबुक्की हे प्रकार निदान डोळ्यांना दिसतात. आडनावावरून, रंगावरून, तोतरेपणावरून चिडवत राहणे किंवा सगळ्या वर्गाने मिळून कट्टी धरणे शिक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. पूर्वी शाळा सुटली की सुटका होई. आता वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळे तीही उरलेली नाही.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास १९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी स्वीडन आणि नॉर्वेत सुरू केला. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांचा छळ हे त्यामागचे संभाव्य कारण असल्याचे समोर आल्यावर देश हादरला आणि १९८३ मध्ये सरकारने शाळांत देशव्यापी मोहीम हाती घेतली.

कारणांबाबत रूढ असलेल्या काही समजुती ओल्वेउस यांच्या पाहणीत टिकल्या नाहीत. वर्गात मुले किती यावर दादागिरीचे प्रमाण अवलंबून नव्हते. दादागिरी करणारा आतून भेदरलेला असतो, यालाही आधार मिळाला नाही. अशा मुलांचा आत्मविश्वास सर्वसाधारण किंवा त्याहून जास्तच आढळला. घरात मायेचा ओलावा कमी, मारझोड जास्त आणि मुलाच्या दांडगाईकडे काणाडोळा, ही पार्श्वभूमी मात्र वारंवार दिसली.

घर हे निम्मेच कारण म्हणावे लागेल. दादागिरीला प्रेक्षक लागतात. फिनलंडमधील क्रिस्टिना साल्मिवल्ली यांनी १९९६ मध्ये दाखवले की वर्गातली बहुतेक मुले त्यात काही ना काही भूमिका वठवतात: कोणी साथ देतो, कोणी हसून चेव आणतो, कोणी छळ सोसणाऱ्याच्या पाठीशी उभा राहतो, तर बरेच जण नामानिराळे राहतात. कॅनडातील शाळांच्या मैदानांवर केलेल्या चित्रणात ८८ टक्के प्रसंगी इतर मुले हजर होती, पण मध्ये पडली १९ टक्के प्रसंगीच. ती मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा त्रास दहा सेकंदांत थांबला. चुगलखोर ठरण्याची भीती बाकीच्यांना गप्प ठेवते, आणि ‘मुलं आहेत, चालायचंच’ म्हणणारे पालक ती आणखी वाढवतात.

सतत छळ सोसणारे मूल पोट दुखते, डोके दुखते असे सांगून शाळा टाळू लागते. अभ्यासात मागे पडते, एकटे राहते. हे लवकर ओसरते असे नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्यांच्या दीर्घ पाहणीत, बालपणी वारंवार छळ झालेल्यांमध्ये पन्नाशीतही नैराश्य आणि चिंतेचे प्रमाण अधिक होते. छळणाराही सुटत नाही: ओल्वेउस यांच्या पाहणीत सहावी ते नववीत दादागिरी करणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ६० टक्के जण चोविशीपर्यंत किमान एका गुन्ह्यात दोषी ठरले होते.

भारतात या छळाला जातीची धार असते. शिक्षण हक्क कायद्याचे (२००९) कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला मनाई करते. पण त्यातली कारवाई सेवानियमांनुसार, म्हणजे कर्मचाऱ्यांवर. बाकावरच्या शेजाऱ्याचा बंदोबस्त मुख्यतः शाळेच्याच हाती राहतो.