आफ्रिकेतील शाश्वत सिमेंट आणि काँक्रीट बांधकाम

आफ्रिकेतील शाश्वत सिमेंट आणि काँक्रीट बांधकाम : घरे, शाळा, रस्ते, बंदरे यांना लागणारे सिमेंट शक्य तितके स्थानिक खनिजांपासून व कमी क्लिंकर घालून बनवणे, आणि त्या सिमेंटचे काँक्रीट नासधूस न करता टिकाऊ बांधणे, अशा दुहेरी प्रयत्नाला हे नाव आहे. पहिली बाजू कारखान्याची, दुसरी गवंड्याची. बहुतेक चर्चा पहिल्या बाजूपाशीच संपते. वास्तविक आफ्रिकेत दुसरी बाजू तितकीच निर्णायक आहे, कारण तेथील सिमेंटचा मोठा भाग ५० किलोच्या पोत्यांतून किरकोळ विकला जातो आणि घमेल्या-फावड्याने कालवला जातो.

जगात माणशी वर्षाला सरासरी ५०० किलोच्या आसपास सिमेंट वापरले जाते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील बहुतेक देशांत हा आकडा त्याच्या निम्म्यावरही जात नाही. खंडाची लोकसंख्या आज सुमारे १५० कोटी असून २०५० पर्यंत ती २५० कोटींच्या घरात जाईल, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. या लोकांना पक्के घर, संडास, पाण्याची टाकी, दवाखाना हवा आहे आणि तो त्यांचा हक्क आहे. त्यामुळे ‘सिमेंट वापरू नका’ हा युरोपात शोभणारा सल्ला येथे सरसकट देणे अन्यायाचे होईल. एका पोत्यामागे किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि त्या पोत्यातून किती काम होते, हे दोन प्रश्न येथे खरे.

क्लिंकरची अडचण

चुनखडी आणि माती सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला भाजली की गोटीसारखे कडक खडे बनतात. हाच क्लिंकर. तो थोड्या जिप्समबरोबर दळला की साधे पोर्टलंड सिमेंट तयार होते. भट्टीचे इंधन जळताना धूर होतो हे उघड आहे. पण त्याहून मोठा वाटा चुनखडीचाच असतो. भाजताना चुनखडीतील कॅल्शियम कार्बोनेट फुटते, चुना मागे राहतो आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. एक टन क्लिंकरमागे अर्ध्या टनाहून थोडा अधिक वायू केवळ या विघटनातून निघतो. भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी हा वायू निघणारच. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के धरला जातो, त्याचे मूळ येथे आहे.

इंधनाच्या बाजूनेही प्रयत्न झाले आहेत. युगांडातील हिमा सिमेंटने भट्टीत कॉफीची टरफले जाळली, सेनेगलमधील रुफिस्कच्या कारखान्याने भुईमुगाची फोलपटे वापरली, मोरोक्कोत तेतुआनच्या सिमेंट कारखान्याने २००५ मध्ये स्वतःच्या पवनचक्क्या उभ्या केल्या. हे सगळे उपयोगी आहे, पण क्लिंकरचे प्रमाण घटवल्याशिवाय मोठा फरक पडत नाही.

आफ्रिकेत क्लिंकरची दुसरीही अडचण आहे : तो अनेक देशांत पुरेसा बनत नाही, आणावा लागतो. घाना, आयव्हरी कोस्ट अशा किनारी देशांत चांगली चुनखडी थोडी, किंवा बंदरापासून फार लांब. म्हणून तेथे भट्टीऐवजी दळण केंद्रे उभी राहिली. जहाजाने क्लिंकर आणायचा, बंदराशेजारी दळायचा आणि पोत्यांत भरायचा. घानाची घासेम कंपनी १९६७ मध्ये तेमा येथे सरकार व नॉर्वेची नोर्सेम यांच्या भागीदारीत सुरू झाली ती याच धर्तीवर. अशा देशात घराची किंमत डॉलरच्या भावावर हलते.

आयातीवरचे हे अवलंबन किती महागात पडू शकते याचा धडा नायजेरियाने घेतलेला आहे. तेलाचा पैसा हाती आल्यावर १९७५ च्या सुमारास तेथील लष्करी सरकारने ६८ पुरवठादारांशी १०९ करार करून १.६ कोटी टनांहून अधिक सिमेंट मागवले. लागोस-आपापा बंदराची उतरवून घेण्याची ताकद त्याच्या जवळपासही नव्हती. शेकडो जहाजे समुद्रात नांगर टाकून खोळंबली, खोळंब्याचे भाडे चढत गेले, दमट हवेत माल खराब होऊ लागला. नव्या सरकारने करार थांबवल्यावर खटले अमेरिकेच्या न्यायालयांपर्यंत गेले. हा प्रसंग ‘सिमेंटचे आरमार’ म्हणून ओळखला जातो. आज नायजेरिया स्वतःच्या चुनखडीवर सिमेंट करतो. कोगी राज्यातील ओबाजाना येथील डांगोटे कंपनीचा कारखाना खंडातील सर्वांत मोठ्यांपैकी आहे. घानाला तो मार्ग खुला नव्हता. त्याच्याकडे पुरेशी सोयीची चुनखडी नव्हती, पण माती होती.

भाजलेली माती

महाराष्ट्रातील जुने वाडे, घाट आणि बंधारे ज्यांनी न्याहाळले आहेत त्यांना सुरखी ठाऊक असते : भाजलेल्या विटांची पूड चुन्यात मिसळायची, म्हणजे चुना पाण्यातही घट्ट धरतो. भाजलेल्या मातीतील सिलिका व ॲल्युमिना चुन्याशी संयोग पावतात, हे त्यामागचे रसायन. आजचे ‘कॅल्साइन्ड क्ले’ सिमेंट हे त्याच तत्त्वाचे नेमके, मोजून-मापून केलेले रूप आहे.

त्यातील सर्वांत परिचित प्रकार ‘एलसी-थ्री’, म्हणजे चुनखडी व भाजलेली माती घातलेले सिमेंट, हा होय. स्वित्झर्लंडमधील लोझानच्या तंत्रविद्यापीठातील कॅरन स्क्रिव्हनर, क्यूबातील सांता क्लारा येथील फर्नांडो मार्तिरेना आणि दिल्ली व मद्रास येथील आयआयटी यांच्या संशोधन गटांनी तो विकसित केला. नेहमीच्या मिश्रणात क्लिंकर ५० टक्के, भाजलेली माती ३० टक्के, न भाजलेली चुनखडीची पूड १५ टक्के आणि जिप्सम ५ टक्के असते. साध्या पोर्टलंड सिमेंटच्या तुलनेत कार्बन उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटते. भारतात या सिमेंटसाठी २०२३ मध्ये स्वतंत्र मानक निघाले, म्हणजे आफ्रिका आणि भारत या वाटेवर जवळजवळ बरोबरीने चालत आहेत.

लागणारी माती फार उंची नको. चिनी मातीची भांडी करणाऱ्याला शुभ्र केओलिन हवे असते. सिमेंटवाल्याला मातीत ४० टक्क्यांच्या आसपास केओलिनाइट (केओलिनमधील मुख्य खनिज) असले तरी पुरते. उष्ण, पावसाळी प्रदेशात खडक दीर्घकाळ कुजून अशी माती आपोआप बनते. कोकणातील जांभा ज्या प्रक्रियेतून घडला तिच्यातूनच पश्चिम व मध्य आफ्रिकेतील तांबड्या मातीचे जाड थर घडले आहेत. (पूर्व आफ्रिकेत अशा तांबड्या कच्च्या रस्त्याला ‘मरम रोड’ म्हणतात, आपल्या मुरमाशी हे नाव जुळते हे मराठी माणसाच्या लगेच ध्यानात येते.) ही माती ७०० ते ८५० अंशांना भाजली की पुरे. क्लिंकरपेक्षा ६०० अंशांनी कमी, आणि मातीतून उडते ती फक्त वाफ. मात्र आच साधारण ९०० अंशांपलीकडे गेली तर मातीची संयोगशक्ती मरते. ही भट्टी सांभाळणे म्हणूनच कौशल्याचे काम आहे.

आयव्हरी कोस्टमधील आबिजान येथे सिंपोर कंपनीने भाजलेल्या मातीचा कारखाना काढला, पुढे कॅमेरूनमध्ये क्रिबी येथेही. घानातील तेमा येथे सीबीआय घाना या कंपनीने डॅनिश यंत्रसामग्रीवर उभारलेली भट्टी या प्रकारातील जगातील सर्वांत मोठी मानली जाते. वर्षाला ४ लाख टनांहून अधिक माती भाजण्याची तिची क्षमता आहे. तिच्यासाठी पर्यावरणाइतकेच, किंबहुना अधिक, वजन परकीय चलनाच्या हिशेबाला होते. आयात क्लिंकरचा प्रत्येक वाचलेला टन म्हणजे देशात राहिलेले डॉलर. माझ्या मते हे तंत्र आफ्रिकेत रुजण्याचे खरे कारण हेच आहे. केवळ हवामानाच्या काळजीने कोणी भट्टी बदलत नाही.

रंगाचा प्रश्न ऐकायला किरकोळ, पण बाजारात तो भारी ठरतो. लोहयुक्त माती भाजली की तांबडी होते, आणि तांबूस सिमेंट पाहिले की गिऱ्हाईक ‘यात माती मिसळली आहे’ असे म्हणून पाठ फिरवते. भट्टीतून बाहेर येणारी माती प्राणवायू कमी असलेल्या वातावरणात थंड केली की लोह करड्या रंगाचे राहते. नव्या कारखान्यांत या व्यवस्थेवर वेगळा खर्च केला जातो, तो गिऱ्हाइकाच्या विश्वासासाठी.

बांधकामाच्या दृष्टीने या सिमेंटचे गुण किनारी शहरांना विशेष मानवतात. त्याच्या काँक्रीटमध्ये क्षार सहज शिरत नाहीत, म्हणून लागोस, आक्रा, डाकार यांच्या खाऱ्या वाऱ्यात सळई उशिरा गंजते. मिश्र सिमेंट थंडीत सावकाश घट्ट होते, ही युरोपातील तक्रार; आफ्रिकेच्या उष्ण हवेत ती बरीच निवळते. दोष दोन आहेत. भाजलेली माती पाणी जास्त मागते, आणि सुरुवातीचे दिवस पाणी मारण्यात हयगय झाली तर हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये लवकर खोल जातो आणि सळईचे संरक्षण घटते.

कसावा आणि डिंक

पाण्याची ही मागणी सुपरप्लास्टिसायझर नावाच्या, जादा पाण्याविना काँक्रीट प्रवाही ठेवणाऱ्या रसायनाने कमी करतात, पण ते आयात करावे लागते आणि महाग पडते. त्याला पर्याय शेतातच असावा, या विचाराने बर्लिनची बीएएम ही पदार्थ-संशोधन संस्था व आफ्रिकी विद्यापीठे यांनी एकत्र काम केले आहे. कसाव्याचा स्टार्च, बाभळीच्या जातीचा डिंक, झाडांच्या सालींचे अर्क यांनी काँक्रीटचा प्रवाहीपणा व घट्ट होण्याची वेळ बदलता येते, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. आपला उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच हा कसावा. त्याच्या उत्पादनात नायजेरिया जगात पहिला आहे, तर डिंकात सुदान. कसाव्याच्या सालींची आणि भाताच्या तुसाची राखही सिमेंटचा काही भाग म्हणून तपासली गेली आहे. या सर्वांचा व्यापारी वापर अजून थोडा आहे. शेतमालाचा दर्जा दर हंगामाला बदलतो, सिमेंटला मात्र दर पोत्यात तोच दर्जा लागतो.

पोत्यापासून भिंतीपर्यंत

पश्चिम आफ्रिकेतील शहरी भिंत म्हणजे बहुधा वाळू-सिमेंटचा ठोकळा. रस्त्याकडेच्या अंगणात साच्यांतून ठोकळे काढून उन्हात वाळत ठेवलेले दिसतात. एका पोत्यातून जितके जास्त ठोकळे तितका नफा अधिक, म्हणून सिमेंट कमी पडते. उन्हात पाणी न मारल्याने असलेले सिमेंटही पुरते काम करत नाही. स्लॅबच्या काँक्रीटमध्ये उलट होते : ते सहज पसरावे म्हणून पाणी जास्त ओतले जाते, ताकद घटते, आणि मग भरपाई म्हणून आणखी पोती. दोन्हीकडे नासाडी सिमेंटचीच.

याची किंमत माणसांनी मोजली आहे. नैरोबीतील हुरुमा येथे २०१६ मध्ये, लागोसच्या इकोयी भागात २०२१ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील जॉर्ज येथे २०२४ मध्ये बहुमजली इमारती कोसळून प्रत्येक ठिकाणी कित्येक जण ठार झाले. अशा घटनांमागे आराखडा, परवानगी, देखरेख, माल अशी अनेक कारणे गुंतलेली असतात. नायजेरियाच्या मानक संस्थेने २०१४ मध्ये सिमेंटच्या प्रतींची कामे वाटून दिली (आकडा जितका मोठा तितकी ताकद जास्त) : ३२.५ प्रतीचे केवळ गिलाव्याला, ४२.५ चे ठोकळे व ओतकामाला, ५२.५ चे पुलांना. कोसळणारी इमारत कार्बनच्या हिशेबातही सर्वांत वाईट, कारण तितकेच सिमेंट पुन्हा बनवावे लागते. म्हणून प्रयोगशाळांचे काम या विषयात केंद्रस्थानी आहे. एकच नमुना अनेक देशांच्या प्रयोगशाळांना देऊन निकाल ताडून पाहण्याचे उपक्रम आफ्रिकेत चालवले गेले आहेत; गाजावाजा नसलेले, पण फार मोलाचे.

सिमेंट कमी, आकार जास्त

काही कामे सिमेंटचा कण न् कण ओळखून केलेली आहेत. दाबयंत्रात मातीला जेमतेम काही टक्के सिमेंट देऊन बनवलेल्या, न भाजलेल्या विटा हा त्यातील सर्वांत पसरलेला प्रकार. युगांडात माकेरेरे विद्यापीठाच्या मोझेस मुसाझी यांनी एकमेकींत अडकणाऱ्या अशा विटांचा प्रसार केला. लाकडावर भाजणाऱ्या वीटभट्ट्यांनी जंगल खाल्लेल्या युगांडा-मलावीत त्यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. बुर्किना फासोतील गांदो या आपल्या गावी फ्रान्सिस केरे यांनी २००१ मध्ये गावकऱ्यांच्या हातांनी बांधलेल्या प्राथमिक शाळेतही विटा मातीच्या होत्या, सिमेंट थोडे. भिंतींपासून उचलून धरलेल्या पत्र्याखालून वारा खेळत असल्याने वर्ग थंड राहतो. केरे यांना २०२२ मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळाले, ते मिळवणारे ते पहिले आफ्रिकी वास्तुविशारद.

दक्षिण आफ्रिकेतील मापुंगुब्वे या जागतिक वारसास्थळी वास्तुविशारद पीटर रिच यांनी २००९ मध्ये उभारलेल्या माहिती केंद्राची छते कमानीची आहेत. मातीत सुमारे ५ टक्के सिमेंट घालून आसपासच्या लोकांनी जागेवर सुमारे २ लाख पातळ फरशा दाबून तयार केल्या आणि त्यांचे थर एकावर एक देऊन १४ मीटरांहून अधिक रुंदीच्या कमानी वळवल्या. कमानीत भार दाबाने वाहतो, ताण येत नाही, म्हणून स्लॅबसारख्या सळईची गरज उरली नाही. हीच पद्धत नंतर रवांडात गेली. किगालीजवळ गहांगा येथे २०१७ मध्ये पुरे झालेल्या क्रिकेट मैदानाच्या पॅव्हेलियनला तीन कमानी आहेत. तो प्रदेश भूकंपाचा, म्हणून फरशांच्या थरांमध्ये जिओग्रिडची, म्हणजे मजबुतीसाठी वापरायची प्लास्टिकची, जाळी अंथरली आहे. टप्पा खात जाणाऱ्या चेंडूच्या वाटेसारखा त्या तीन कमानींचा चढउतार आहे, आणि फरशांची माती तेथलीच.