कोल्टच्या फ्रेमवरचे रंग येतात कुठून?

कोल्ट या अमेरिकन बंदूक कंपनीचं सिंगल अ‍ॅक्शन आर्मी, म्हणजे लोक ज्याला पीसमेकर म्हणतात ते रिव्हॉल्व्हर, अमेरिकन सैन्याने 1873 साली घेतलं. .45 ची सहा काडतुसं, दर वेळी घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा हातोडा) अंगठ्याने मागे ओढायचा, ओढताना चार क्लिक ऐकू येतात, मग चाप दाबायचा. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण मला त्यातलं सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे फ्रेमवरचे, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या मुख्य सांगाड्यावरचे, निळे-जांभळे-तपकिरी ढग, आणि हा रंग कुणी लावलेला नसतोच!

फ्रेमचं लोखंड मऊ, कापायला सोपं पण लवकर झिजणारं. म्हणून कोल्टच्या हार्टफर्डमधल्या कारखान्यात तयार फ्रेम हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात पुरून लालभडक तापवायचे, कार्बन हळूहळू वरच्या थरात शिरायचा, आणि मग सगळं एकदम पाण्यात. वरचं कवच कडक होतं, आतलं लोखंड चिवट राहतं. वर ऑक्साइडचा अगदी पातळ थर बसतो, कुठे जाड कुठे पातळ, त्यामुळे पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतात तसे रंग दिसायला लागतात.

हा थर फार नाजूक. हात लागून, चामड्याच्या होल्स्टरला घासून, उन्हाने पण उडतो, त्यामुळे जुन्या पीसवर मूळ रंग उरलाच तर घोड्याजवळच्या खाचाखोचांमध्ये. कलेक्टर तिथेच आधी बघतात. कुणी पॉलिश करून नवा रंग चढवला असेल तर कडा गोल झालेल्या असतात, स्क्रूच्या भोकांभोवती खळगा पडलेला असतो, अक्षरं पुसट होतात आणि किंमत धाडकन खाली. प्लीज, आजोबांची जुनी वस्तू चमकवायला जाऊ नका!

वय ओळखायला फ्रेमचा पुढचा भाग बघायचा. सिलेंडरची (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाची) पिन समोरच्या स्क्रूने धरलेली असेल तर साधारण 1896 च्या आधीचं, नंतर तिथे आडवा स्प्रिंगचा खटका आला. कुणाच्या हातातलं होतं यावर तर किंमत कुठल्या कुठे जाते, शेरीफ पॅट गॅरेटने कुख्यात गुंड बिली द किडला ज्याने मारलं ते रिव्हॉल्व्हर 2021 च्या लिलावात 60 लाख डॉलरच्या वर गेलं.

जुनं पीस अस्सल आहे का हे बघताना सीरियल नंबर सगळ्या भागांवर सारखा हवा असं म्हणतात, ते खरंच, पण आर्टिलरी मॉडेल या सैन्याच्या प्रकाराला हा नियम लावू नका. 1890 च्या दशकात सैन्याने जुन्या साडेसात इंची नळ्या कापून साडेपाच इंची केल्या, जोडताना भाग एकमेकांत मिसळले, त्यामुळे तिथे नंबर वेगवेगळे असणंच नॉर्मल.