पाखंड: गिरनारच्या शिळेवरून आजच्या मथळ्यापर्यंत

इंदूरच्या हिंदी वर्तमानपत्रांत ‘पाखंडी बाबा’ अधूनमधून पकडला जातोच. रामबागेतल्या मराठी घरांतही आता पाखंड म्हणजे बुवाबाजी, ढोंग. कीर्तनातला पाखंडी मात्र निराळा: वेद न मानणारा, धर्म बुडवायला निघालेला.

मुळात या शब्दाला दोष चिकटलेलाच नव्हता. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अशोकाने (गादीवर येण्याआधी हा आपल्या शेजारच्या उज्जैनीचाच कारभार पाहत होता) जे लेख कोरवले, त्यांतला बारावा गिरनारला वाचता येतो. राजा ‘सवपासंडानि’ (पासंड हे पाखंडाचंच जुनं रूप), म्हणजे सर्व पंथांना, मान देतो, असं त्यात म्हटलंय. पुढे बजावलंय की उगाच आपल्या पासंडाची थोरवी गाऊ नये, दुसऱ्याची निंदा करू नये, जीभ आवरावी. ब्राह्मण, जैन, आजीवक (त्या काळचा एक संन्यासी पंथ), खुद्द त्याचा बौद्ध संघ, सगळे पासंडच. कलिंगचा राजा खारवेल तर ओडिशातल्या हाथीगुंफेच्या लेखात ‘सवपासंडपूजक’ म्हणून मिरवतो. आज कुणी पुढाऱ्याने ही पदवी लावून दाखवावी!

शब्द बिघडवला तो भांडणाऱ्या सगळ्यांनीच. पाली ग्रंथांत ‘पासंड’ हे संघाबाहेरचे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाषंड्याचा नुसत्या शब्दानेही सत्कार करू नये, असं आहे. नवव्यात त्याला नगराबाहेर घालवायला सांगितलंय. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात पाषंड म्हणजे नाना पंथांची चिन्हं अंगावर वागवणारे. चिन्ह आलं की वेष आला आणि वेषाबरोबर सोंग. ढोंगाचा अर्थ इथूनच शिरला असावा, असं मला वाटतं.

उत्तरेत ‘ष’चा ‘ख’ होतो, तसं पाषंडाचं पाखंड झालं. मग संस्कृत ग्रंथांवर टीका लिहिणाऱ्यांनी व्युत्पत्तीही जुळवली: ‘पा’ म्हणजे वेदधर्माचं पालन, त्याचं खंडन करतो तो पाखंडी. ऐकायला झकास, पण ‘ख’ आल्यावर सुचलेली. अशोकाच्या ‘पासंड’मध्ये खंडन कुठून येणार? काही भाषाशास्त्रज्ञ मूळ शोधतात ते ‘परिषद्’ आणि ‘पार्षद’मध्ये, म्हणजे एका मंडळीतला सभासद. इंदुरात नगरसेवकाला पार्षदच म्हणतात, त्यामुळे ही व्युत्पत्ती आपल्याकडे जरा जपूनच सांगावी लागते.